टेकडीवरचे चिंचोके

आधीच सांगून ठेवते, मी भांडखोर बाई नाही. गावात कुणालाही विचारा. फक्त आशाबाईला विचारू नका, ती सध्या माझ्याशी बोलत नाही. मला राग येतो तो कामाचा येतो, आणि लोक कामं अशी करून ठेवतात की दगडाला पण राग यावा.

चार दिवस मी पुतणीच्या लग्नाला अजिंठ्याला होते. आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात धसकटं वेचायला गेले. आमचं वावर टेकडीच्या उतारावर, अगदी पायथ्याशी, दोन एकर. तिथून सगळं गाव दिसतं. मधी मारुतीचं देऊळ, त्याच्या पलीकडं पांदी, म्हणजे गाडीवाट, आणि पांदीच्या पार पलीकडं दत्तोपंतांचं सपाट रान. तेवढ्यात जेसीबीचा आवाज आला. ह्या आवाजाची मी चार महिने वाट बघत होते. पदर खोचून उभी राहिले, आणि बघते तर काय, मशीन दत्तोपंतांच्या रानात! सपाट रानात बांध घालत होतं! एक नाय, दोन नाय, चांगले अकरा बांध मोजले मी.

मालक जवळच बसले होते तंबाखू मळत. म्हणलं, "आवं, हे कधीपासून चाललंय?"

"चार दिस झाले."

"आणि तुम्ही बघत बसला?"

"मला वाटलं, तिकडून सुरुवात केली असंल."

आता ह्या माणसाला काय करावं सांगा. तिकडून सुरुवात! बांधबंदिस्ती कशासाठी असते? उतारावर आडवे बांध घालायचे, म्हणजे पावसात माती वाहून जात नाही. दत्तोपंतांच्या रानात चेंडू ठेवला तर तो जागचा हलत नाही, तिथली माती कुठं वाहून जाणार?

आणि इकडं माझं वावर बघा. मी लग्न होऊन आले तेव्हा कोपरापर्यंत हात घातला तरी काळी माती लागायची. आता वीतभर उरलीय. खाली नुसता मुरूम. दर पावसाळ्यात वरून लोंढा येतो, आणि माझी माती खालच्या नाल्यात जाऊन बसते. अजून दोन दांडगे पाऊस झाले की संपलं. मग ह्या वयात आम्ही दोघांनी दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जायचं का? मृगाच्या आत बांध पडले तर वावर राहील, नाही तर नाही. इतकं साधं होतं ते.

तिथून जी निघाले ती थेट सरपंचाच्या दारात. सरपंच म्हणजे कडुबा, माझ्यापुढं चड्डीत फिरलेला. जेवत होता.

"कडुबा, मशीन कुठं चाललंय?"

"काकू, बसा तरी."

"बसायला आले नाही. टेकडी कुठंय आणि मशीन कुठंय?"

त्यानं हात धुतले आणि कपाटातून आराखडा काढला. आराखडा म्हणजे गावानं मिळून ठरवलेलं, कुणाच्या रानात काय काम करायचं ते. जमीन राखायच्या प्रकल्पाची मदत त्याच्यावरच मिळते. त्यात गट नंबरांची यादी होती. टेकडीवरच्या नऊ जणांपैकी एकाचाही गट त्यात नव्हता. होते ते सगळे पांदीपलीकडचे.

"ग्रामसभेनं मंजूर केलाय, काकू," कडुबा म्हणाला. "आणि बघा, पहिली सही तुमचीच."

माझीच होती. लक्ष्मीबाई, ठसठशीत. आता ग्रामसभेत सह्या कशा होतात तुम्हाला माहीत नसंल तर सांगते. दारातच वही असते. आलं की आधी सही करायची, मग बसायचं, मग चहा. वर काय ठराव झाला ते ग्रामसेवक मागाहून निवांत लिहितात. यादी वाचली होती म्हणतात माईकवर. वाचली असंल. त्या वेळी मी खुर्च्यांवरून भांडत होते. बायकांनी खाली सतरंजीवर बसायचं आणि बाप्यांनी खुर्चीवर, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

आणि पांदीपलीकडच्यांना तर यादी कळली असंल ना? त्यांच्यातला एक बोलला नाही. फुकटात बांध पडत होते, कशाला बोलतील!

पण चूक झाली कुठं, हे समजायला थोडं मागं जावं लागंल. जानेवारीत प्रकल्पाकडून एक पोरगी आली होती, सावनी नावाची. शहरातली, शिकलेली, पाठीला बॅग. शेतकऱ्यांना जमीन राखायला मदत करणारी एक संस्था होती, तिनं ठेवलेली. तिच्याकडं अशीच अजून दोन गावं होती. पोरगी गोड, पण प्रश्न! बाई गं, काय ते प्रश्न! पहिल्या दिवशी म्हणाली, गावाचा नकाशा गावानंच काढायचा, जमिनीवर. नकाशा म्हणल्यावर बापे पारावर चढून बसले आणि तिथून हुकूम सोडायला लागले. तिनं खडू आणले होते. मी म्हणलं, खडू ठेव तुझ्यापाशी. देवळापुढं शेणानं सारवलेलं आहे, तिथं रांगोळीच शोभते.

बचत गटाची अध्यक्ष मी, तर पुढं मीच बसले. रांगोळी काढायची आमची एक रीत आहे. देवाकडं तोंड करून बसायचं आणि आधी देव काढायचा, मग बाकीचं. त्याप्रमाणं मी मारुतीसमोर बसले, आधी वरच्या बाजूला मारुती काढला, त्याच्यापलीकडं पांदी आणि दत्तोपंतांचं रान, मधी घरं, आणि शेवटी माझ्या पायापाशी टेकडी. ज्याला जिथं बांध पाहिजे त्यानं तिथं चिंचोका ठेवायचा. मी माझ्या वावरात पाच ठेवले. शेजारच्या वावरातल्या आशाबाईनं सहा. टेकडी चिंचोक्यांनी भरून गेली.

आणि सावनी वही घेऊन डोक्यावर उभी. "मावशी, ही पांदी की नाला? मावशी, पिवळं म्हणजे ज्वारी का? मावशी, मारुती दक्षिणमुखीच ना?" तेवढ्यात राजकुमारची शेळी नकाशात घुसली आणि माझ्या वावरातले चिंचोके खायला लागली. मी म्हणलं, "व्हय गं माय, व्हय! आधी ती शेळी हाकला कुणीतरी!" शेळी हाकलली, मी चिंचोके परत मांडले, सावनीनं फोटो काढला.

त्यानंतर शिवारफेरी होती. सगळ्यांनी मिळून रानातून हिंडायचं आणि नकाशा बरोबर आहे का ते बघायचं. प्रकल्पाचे साहेब गाडीतून आले, ऊन बघितलं, देवळापुढं सगळ्यांना उभं करून फोटो काढला, आणि फेरी झाली. त्यावर मी बोलले होते. मी बोलत नाही असं कधी होतं? पण ऐकतंय कोण!

तर आता कडुबाच्या दारातून फोनाफोनी झाली. मशीन थांबवलं. दुपारी साहेब आले, मागं स्कूटीवर सावनी. देवळापुढं सगळे जमले. साहेबांनी तिला जानेवारीतला तो नकाशाचा फोटो दाखवायला लावला. तिनं मोबाईल पुढं धरला. वर मारुती, खाली टेकडी.

"ह्याच्यावर बाण काढून उत्तर वर केली मी," सावनी म्हणाली. "मारुतीकडं तोंड केलं की उत्तर समोर येते. मारुती दक्षिणेकडं बघतो ना, म्हणून."

पारावर कुणीतरी हसलं. आमचा मारुती दक्षिणेकडं बघतच नाही. सगळ्या गावांचे बघत असतील, आमचा उत्तरेकडं बघतो, टेकडीकडं. टेकडीवरून पाण्याचा लोंढा गावात यायचा म्हणून जुन्या लोकांनी त्याला तिकडं तोंड करून बसवला. आमच्या गावात जन्मलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. सावनीनं तो फोटो गट नंबरच्या सरकारी नकाशावर ठेवला, तो उलटा. टेकडीवरचे सगळे चिंचोके जाऊन दत्तोपंतांच्या रानात पडले.

साहेब तिच्यावर जे तुटून पडले! "साधी दिशा कळत नाही? शिकलात काय? कुणाला विचारायचं तरी!"

"मी विचारलं होतं सर."

"कुणाला? मारुतीला?"

लोक हसले. सावनीनं इकडंतिकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं का नाही, सांगता येत नाही. मग म्हणाली, "लक्षात नाही सर."

साहेबांनी कडुबाला समजावून सांगितलं. मशीन गावाला आठ दिवस दिलेलं. चार गेले, चार उरले, तेवढ्यात नऊ वावरं होत नाहीत. पण चूक संस्थेची निघाली तर गेलेले चार दिवस संस्थेनं भरून द्यायचे, तसा करारच होता. गावानं चुकीची माहिती दिली असंल तर मात्र उरलेल्या चार दिवसांत भागवायचं. "चूक तर सरळ मॅडमची आहे," साहेब म्हणाले. "शनिवारी खास ग्रामसभा घ्या, तसा ठराव लिहा, मशीन मिळेल. मॅडमचं आम्ही बघू." त्या बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी चांगली पोटभर जेवले त्या दिवशी. मालक भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पोरीनं तुला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"मारुती दक्षिणमुखीच ना म्हणून. तू व्हय म्हणालीस."

"मी शेळीला म्हणाले!"

"शेळीला व्हय कामून म्हणशील? शेळी मीच हाकलली. मी तिथंच उभा होतो."

अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! चार दिवस मशीन उलट्या रानात चालताना ह्या माणसाला दिसत नाही, आणि जानेवारीत शेळी शिरली तेव्हा कोण काय बोललं ते ह्यांना आठवतं! मी ताट सरकवलं. म्हणलं, तिला शहरात दुसरी नोकरी मिळंल. आपल्याला दुसरं वावर मिळणार आहे का? आणि माझं एकटीचं नाही, आशाबाईचंही जाईल. मालक भाकरी मोडत राहिले. ह्या माणसाचं हेच वाईट. एकदा बोलायचं आणि गप बसायचं. भांडला असता तर मी जिंकले तरी असते.

शनिवारपर्यंत मी सगळ्यांशी भांडून घेतलं. दूधवाल्याशी, कडुबाच्या बायकोशी, नळाशी.

शनिवारी ग्रामसभेला शंभरावर माणूस. पहिल्यांदाच कोरम खरा भरला. आणि दत्तोपंत स्वतः आले शहरातून, भाच्याच्या गाडीतून. वय ऐंशीच्या पुढं, अंगात पांढरा सदरा. उभं आयुष्य तहसिलीत कारकुनी केलेला माणूस. मला वाटलं, फुकटचे बांध मिळाले म्हणून मिशीत हसत असतील. तर ते माझ्यापेक्षा तापलेले.

"माझं रान तळं करून ठेवलंत तुम्ही," ते म्हणाले. "सपाट जमिनीत अकरा बांध! पावसाळ्यात पाणी तुंबून पीक सडणार. मला विचारलं कुणी? संमतीपत्रावर सही मागायला आलात तेव्हा म्हणालात, नुसती पद्धत आहे, करून टाका. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, वाचल्याशिवाय सही करू नका, आणि म्हातारपणी स्वतःच केली!"

मग ते ग्रामसेवकाकडं वळले. ग्रामसेवक ठराव लिहीत होते, 'काही तांत्रिक कारणाने'. दत्तोपंतांनी त्यांच्या हातातला पेन धरला. "तांत्रिक म्हणजे काय? दुरुस्ती लिहायची तर चूक कुणाची, कशी झाली, नावानिशी लिहा. नुसती खाडाखोड मी माझ्या नोकरीत कधी चालवून घेतली नाही."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे. लिहा. संस्थेच्या सावनी मॅडम यांनी दिशेची खात्री न करता नकाशा तयार केला. मॅडम, सही करा."

सावनी उठली. रडली बिडली नाही. पेन घेतला, आणि वहीवर वाकून सगळं पहिल्यापासून वाचायला लागली. सही करायच्या आधी वाचणारी आख्ख्या सभेत ती एकटीच होती.

आणि माझं डोकंच फिरलं.

"थांब गं!" मी उठले. "साहेब, ते खोडा. तिनं विचारलं होतं. मला विचारलं होतं. मारुती दक्षिणमुखीच ना म्हणून विचारलं, आणि मी व्हय म्हणाले. माझं लक्ष शेळीकडं होतं. आता लिहा काय लिहायचं ते. लक्ष्मीबाईनं चुकीची दिशा सांगितली म्हणून लिहा. ठसठशीत लिहा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल!"

एकदम गलका झाला. टेकडीवरचे सगळे उठून उभे. "काकू, बसा खाली," कडुबा दबक्या आवाजात म्हणत होता, "कळतंय का काय बोलताय?" आशाबाईनं माझा पदर धरून ओढला, इतक्या जोरात की पिन निघाली. साहेबांनी मात्र संधी सोडली नाही. तिथल्या तिथं म्हणाले, "म्हणजे माहिती गावाची चुकली. मग दिवस वाढवून मिळायचे नाहीत. चार दिवसांत जेवढं होईल तेवढं."

"शिवारफेरी तुम्ही केली असती तर त्याच दिवशी चूक दिसली असती," मी म्हणलं. "तेही लिहा."

ते कुणी लिहिलं नाही. दत्तोपंत माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "लक्ष्मीबाई, सही करा. वाचून करा." मी वाचून केली. 

चार दिवस मशीन टेकडीवर चाललं. काम माथ्यावरून खाली, हा नियम. पायथ्याला शेवटची दोन वावरं राहिली, आशाबाईचं आणि माझं. मी ड्रायव्हरला सांगितलं, आधी तिचं घे. चूक माझी, तर शेवट मीच थांबणार ना? चौथ्या दिवशी आशाबाईचे सहाही बांध पडले आणि मशीन माझ्या वावरात शिरलं. वरचा एक बांध घातला. दुसऱ्यासाठी वळलं, आणि ड्रायव्हरनं घड्याळ बघून बंद केलं. मी कितीतरी बोलले. त्याचं काय, तो भाड्याचा. मशीन ट्रॉलीवर चढवलं आणि चितेगावच्या कामावर निघून गेला.

आशाबाई तेव्हापासून बोलत नाही. मला वाटलं, भर सभेत सांगितलं म्हणून रागावली. तर नाही. तिनं तिच्या सुनेला सांगितलं, सुनेनं मला. म्हणे, "आधी माझं घे म्हणून सांगायला हिला कुणी सांगितलं होतं? आता रोज माझ्या बांधावर उभी राहिले की तिचा उघडा उतार दिसतो." घ्या! आता ह्याच्यावर काय बोलायचं माणसानं?

दुसऱ्या दिवसापासून मालक आणि मी कुदळ-फावडं घेऊन दुसऱ्या बांधाला लागलो. मी खणायचं, त्यांनी ओढायचं. दोन म्हाताऱ्यांचं काम ते, दिवसाला चार हात सरकायचं. मृगाला बारा दिवस होते. हिशेब सरळ होता. वरचं एकर वाचेल, खालच्या एकरातली माती ह्या वर्षी जाणार. मी मालकांना म्हणलं, "बोला आता. मीच वेडी, म्हणा."

ते म्हणाले, "खोल खण जरा."

एके सकाळी आलो तर बांधावर दोन घमेली पालथी ठेवलेली. आशाबाईची. तिच्या घमेल्याच्या कडेला लाल रंगाची रेघ आहे, मी ओळखते. बाई स्वतः तिच्या वावरात, आमच्याकडं पाठ करून उभी.

रविवारी स्कूटी आली. सावनी. पायात बूट, डोक्याला ओढणी, हातात पाण्यानं भरलेली लांब नळी. म्हणाली, "बांधाची रेघ एका पातळीत पाहिजे मावशी, नाही तर पाणी एका बाजूनं फोडून जाईल. मी आखून देते. आज सुट्टी आहे मला."

"नोकरी आहे का अजून?"

"आहे." एवढंच म्हणाली. नळीचं एक टोक मालकांच्या हातात दिलं, चुन्याची पिशवी काढली, वही उघडली. आणि झालं सुरू.

"मावशी, पाणी नक्की कुठून उतरतं?"

माझ्या तोंडावर आलं होतं, डोळे आहेत ना तुला, बघ की! ऊन असं तापलेलं, कमरेत उसण भरलेली, मृग डोक्यावर. पण मी कुदळ खाली ठेवली. उठले. तिच्या दंडाला धरून वरच्या बांधाच्या टोकाशी नेलं आणि हात लांब करून दाखवलं, त्या काळ्या खडकापासून निघतं, ह्या लिंबाच्या बुडाशी येतं, आणि इथून दोन वाटांनी फुटतं. तिनं लिहून घेतलं.

"आणि गाव दक्षिणेला ना मावशी?"

मी खाली देवळाकडं बघितलं. मग टेकडीकडं बघितलं. नीट बघितलं. मग म्हणलं, "व्हय. दक्षिणेला."

"नक्की?"

"नक्की."

"परत एकदा सांगा मावशी, पाणी खडकापासून..."

मालक नळी धरून माझ्याकडं बघत होते. लांब आशाबाई पण वळून बघत होती. मी एक दम घेतला, आणि परत पहिल्यापासून सांगितलं.